ढासेकाका कसे आहेत

त्या मुलीच्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले असते तर गोष्ट वेगळी. ते विसरले नव्हते. पत्र टेबलाच्या खणात अगदी वर होतं आणि चष्मा पुसायचं फडकं काढायला खण उघडला की रोज दिसत होतं. वहीतून फाडलेला रेघांचा कागद, डावी कड दातेरी. ते त्यांच्या नावाने आलेलंच नव्हतं. आरोग्य खात्याच्या प्रचार विभागाला उद्देशून लिहिलेलं. तिथल्या नव्या कारकुनाला त्याचं काय करावं कळेना, म्हणून त्याने ते जुन्या ध्वनिमुद्रकाला दाखवलं. ध्वनिमुद्रक पोट धरून हसला आणि त्याने ते दुसऱ्या पाकिटात घालून निवृत्त संहितालेखकाच्या घरी धाडून दिलं. संहितालेखक म्हणजे मास्तर. त्यांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं; पण ऑफिसात सगळ्यांच्या मसुद्यांतल्या चुका ते पेन्सिलीने, इतक्या हलक्या हाताने की जणू चूक त्यांचीच आहे, दुरुस्त करत. त्यावरून ते नाव पडलं, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आलं.

पत्र छोटं होतं. ‘सिनेमाच्या आधी सिगारेटची जी जाहिरात लागते त्यात जे काका खोकतात ते आता कसे आहेत? मला हे कोणी विचारायला सांगितलेलं नाही आणि आमच्यात पैजही लागलेली नाही. मी अकरावीत आहे. मागच्या वर्षी काही महिने मी ओढत होते. त्यांचा खोकला ऐकून सोडली असं म्हणता येणार नाही, पण आता हातात घेतली की ते शेवटी जो बारीकसा आवाज करतात तो ऐकू येतो, आणि मग ओढवत नाही. मैत्रिणी म्हणतात तो नट आहे. मला नाही तसं वाटत. नट असला असता तर खोकून झाल्यावर गप्प बसला असता. तर ते कसे आहेत एवढंच कळवावं. बरे असतील तर फारच चांगलं.’

मास्तरांना उत्तर माहीत नव्हतं असं नाही. उत्तर एका ओळीचं होतं: ते काका म्हणजे मी, मी ठणठणीत आहे, आणि सिगारेट मी जन्मात ओठाला लावलेली नाही. ही ओळ त्यांनी दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा फाडली. ओळ वाचून मुलगी हसेल, मैत्रिणींना दाखवेल, आणि हसून झाल्यावर तिच्या हातात जे काही असेल ते पेटवायला तिला कोणाचीच आडकाठी राहणार नाही. मग दुसरं उत्तर: ते काका वारले. हे त्यांना लिहवेना. एका अनोळखी मुलीला, तिने इतकं साधं विचारलेलं असताना, तिच्याच भल्यासाठी का होईना पण थाप मारायची, ही गोष्ट त्यांना कागदावर आणताच येईना. पेनची शाई वाळून जाई. तिसरं उत्तर सरकारी: आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. हे त्यांनी मनातल्या मनात लिहिलं आणि मनातच खोडलं. मग पत्र खणात गेलं. महिना गेला, पावसाळा गेला, थंडी आली. उत्तर द्यायला उशीर झाला की उशीर हेच उत्तर न देण्याचं कारण होऊन बसतं, हे मास्तरांना स्वतःच्या स्वभावावरून चांगलं ठाऊक होतं. आणि मनात शंकाही होती: आपल्यासारख्या माणसाने एखाद्या मुलीने ओढावी की न ओढावी याचा भार आपल्या एका पत्रावर आहे असं समजावं, हा केवढा अहंकार! पण अहंकार म्हणून ती समजूत बाजूला सारली तरी खण उघडल्यावर कागद होताच.

मग एका संध्याकाळी ते जिन्यात थबकले. लिफ्ट बंद होती. पाव संपला म्हणून बायकोने खाली पिटाळलं होतं. दोन मजले उतरल्यावर खालच्या वळणावरून खोकला आला. जाहिरातीतला तो खोकला म्हणजे आता शहरातला रस्त्यावरचा आवाज होऊन गेला होता. मास्तरांनी तो बसमध्ये ऐकला होता, रांगांत ऐकला होता, दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोन शाळकरी मुलांना आळीपाळीने तो काढून दाखवताना पाहिलं होतं. दोन आखूड ठसके, मग लांबलचक ओढलेला, छातीच्या तळाशी काहीतरी खरवडून आणणारा एक, मग श्वास घ्यायला लागावा तेवढी जागा, आणि शेवटी ‘हं’. नकला करणारे ठसके झकास काढत. ‘हं’ मात्र कोणाला जमत नसे, ते एकतर विनोदी होई किंवा रडवेलं. इतक्या वर्षांत मास्तर त्या नकलांकडे तटस्थपणे, म्हणजे खरं तर कान लाल करून, दुर्लक्ष करायला शिकले होते. पण जिन्यातलं ‘हं’ बरोबर होतं. बरोबर म्हणजे इतकं की त्यांचा पाय पुढच्या पायरीवर टेकलाच नाही, कठड्याच्या थंड लोखंडावर हात घट्ट झाला, आणि त्यांना वाटलं, दादा आला. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तो जाऊन एवढी वर्षं झाली होती की त्याचा चेहरा आठवायला फोटो काढावा लागे.

खाली वळणावर त्यांची नात होती. मुलीची मुलगी, आईबाप बदलीच्या गावी, म्हणून कॉलेजसाठी आजी-आजोबांकडे राहायला आलेली. तिच्याबरोबर एक मित्र, एक मैत्रीण. नातीच्या हातात नुकती पेटवलेली सिगारेट होती.

“आजोबा! तुम्ही?” हात पाठीमागे गेला. धूर पाठीमागून खांद्यावर आला.

“पाव आणायला चाललोय,” मास्तर म्हणाले, जणू पकडले गेले होते ते स्वतःच. मित्रमंडळी ‘नमस्कार आजोबा’ पुटपुटून पसार झाली. मास्तरही उतरले, पाव घेतला, सुटे पैसे दुकानातच विसरले, परत जाऊन घेतले, आणि या सगळ्या वेळात त्यांना नातीने सिगारेट ओढल्याचा म्हणावा तसा धक्का बसलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि आपल्या मनाची थोडी लाजही वाटली. त्यांना ते ‘हं’ पुन्हा ऐकायचं होतं.

प्रचार विभागात मास्तरांनी उमेद होती तेव्हा खूप लिहिलं होतं. या जाहिरातीसाठी त्यांनी पहिल्यांदा जे लिहिलं ते दीड पानी होतं: एका माणसाच्या घरातल्या खिडकीबद्दल, पडद्याला बसलेल्या वासाबद्दल. त्यातलं एक वाक्य त्यांना अजूनही पाठ होतं आणि ते चांगलं होतं की नुसतंच गोड होतं हे अजूनही ठरत नव्हतं. समितीत डॉक्टर होते, अधिकारी होते, एक मानसतज्ज्ञ बाई होत्या. डॉक्टरांनी खिडकी काढली, अधिकाऱ्यांनी पडदा काढला. बाई म्हणाल्या, तरुण मुलांना उपदेश नको, आवाज हवा, भीती ही ऐकू यायला हवी. सरतेशेवटी उरलं ते एक काळं चित्र, खात्याचं ठरलेलं वाक्य, आणि संहितेत कंसातला एक शब्द: खोकला. त्यासाठी बोलावलेला नट आला आणि असा खोकला की जणू रंगभूमीवर राज्य सोडून वनवासाला चाललाय. ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडून कपाळावर हात मारला. नट चिडून गेला. स्टुडिओचा वेळ तर संपत आलेला.

“मास्तर, तुम्हीच बसा आत,” ध्वनिमुद्रक म्हणाला. “तुमच्या तोंडाकडे पाहिलं तर कोणीही म्हणेल, माणूस सहा महिन्यांचा सोबती आहे.”

“मला खोकला येत नाही हो.”

“येत नाही म्हणजे? तो काय पेटी वाजवण्याइतका अवघड आहे?”

मास्तर आत जाऊन बसले. भिंतींना टोचणारा, आवाज पिऊन टाकणारा मऊपणा. पहिल्यांदा खोकले ते सभेत अध्यक्षांनी खाकरावं तसं. दुसऱ्यांदा त्याहून वाईट. मग त्यांनी डोळे मिटले आणि कसलाही विचार न करता खोकले, आणि काचेपलीकडचा माणूस खुर्चीत ताठ झाला. “हे शेवटी ‘हं’ काय केलंत?” त्याने नंतर विचारलं. “कापू का?” मास्तर म्हणाले, कापा. ध्वनिमुद्रकाने कापून ऐकलं, मान हलवली, आणि परत जोडलं. बायकोने जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा पदर तोंडाला लावून हसली होती. “एवढी पुस्तकं वाचलीत, एवढं लिहिलंत, आणि गाजलं काय? तुमचा खोकला!” ती अजूनही कधी कधी पाहुण्यांसमोर हे बोलायच्या बेतात असते आणि मास्तरांचा चेहरा बघून चहा ओतते.

जाहिरात दाखवण्याआधी ती मुलांवर तपासून पाहिली होती. बाईंनी दोन शाळांतली मुलं एका खोलीत बसवली, अंधार केला, आणि मग प्रत्येकाला कागद दिला: किती भीती वाटली? मास्तर मागे भिंतीला टेकून उभे होते. खोकला झाला तेव्हा खोलीतली हालचाल थांबली. एका मुलीने कान झाकले. कागदांवर सगळीकडे वरचे गुण. बाई खूश झाल्या, अहवालात ‘परिणामकारक’ हा शब्द आला. मग मुलं बाहेर व्हरांड्यात पाणी प्यायला गेली, आणि मास्तरांना, ते दारापाशी असल्याने, नळावरचा आवाज ऐकू आला. एकजण खोकला. दुसरा त्याहून चांगला खोकला. मग ती कान झाकणारी मुलगी खोकली, आणि सगळे हसून हसून पाण्याने भिजले. भीती आणि नक्कल यांच्यात एका दाराचं अंतर होतं. ही गोष्ट अहवालात कुठल्या रकान्यात घालायची हे मास्तरांना कळेना, आणि बाईंना जाऊन सांगायचं तर तेवढी ओळख नव्हती.

जेवणं झाल्यावर नात त्यांच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं आणि पुस्तकांच्या ढिगावर, जिथे बसू नको असं तिला शंभरदा सांगितलेलं, तिथेच बसली.

“आजीला सांगणार?”

“नाही.”

“आईला?”

“नाही.”

“मग ओरडा तरी. तुम्ही असे चष्म्यातून बघत बसलात की जास्त टेन्शन येतं.”

“तो खोकला,” मास्तर म्हणाले. “तुम्ही सगळे पेटवायच्या आधी का खोकता?”

तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. “ढासेकाका? ती जाहिरात नाही का, काळी. त्यातला माणूस. आम्ही त्याला ढासेकाका म्हणतो. सतत ढास लागलेली असते ना.”

“भीती नाही वाटत त्याची?”

“शाळेत पहिल्यांदा ऐकला तेव्हा घाम फुटला होता मला. खरंच. रात्री आईच्या कुशीत जाऊन झोपले. मग पुढच्या सिनेमाला मागच्या रांगेत कोणीतरी काकांबरोबरच खोकलं आणि अख्खं थिएटर हसलं. एकदा हसलं की संपलं ना आजोबा. आता तर लोक वाटच बघतात. ते खोकले की आपण खोकायचं.” ती थांबली, आजोबा खरंच ऐकतायत असं दिसल्यावर जरा पुढे सरकली. “आणि पेटवताना खोकतो ते... कसं सांगू, हसू नका हं. ते आमच्या वाटणीचं खोकून घेतात. असं म्हणतो आम्ही. एकदा त्यांना खोकायला लावलं की आपण मोकळे.”

“आणि बाकीची जाहिरात?”

“बाकीची म्हणजे? अजून काही असतं त्यात?”

मास्तरांना दीड पान आठवलं आणि हसू आलं. “म्हणजे भीती गेली.”

“गेली कुठे? आहे की. नसती तर जिन्यात लपून ओढण्यात मजा काय होती?” हे बोलून ती स्वतःच जरा चपापली.

मास्तरांनी खण उघडला. त्यांनी तसं ठरवलं नव्हतं, हात गेला. त्यांनी पत्र तिच्या हातात दिलं. ती वाचत असताना ते खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कोणीतरी इस्त्री करत होतं तिकडे पाहत राहिले. कागद उलटून मागे काही आहे का ते तिने पाहिलं.

“ही कोण? माझ्याच वयाची दिसते. तुमच्याकडे कसं आलं हे?”

“ते काका म्हणजे मी.”

ती पाहत राहिली. मग हसायला लागली, तोंड दाबून, आजीला ऐकू जाऊ नये म्हणून उशी तोंडावर धरून, आणि हसता हसता तिला ठसका लागला. खरा, कोरडा, लहानसा. मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“तुम्ही? तुम्हाला तर उदबत्तीचाही त्रास होतो!”

“खोकलो मी. खोकला माझा नाही.”

आणि मग त्यांनी तिला दादाबद्दल सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे हे त्यांनाच त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं होतं. दादा फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासायला होता. पॉलिशच्या आधी पॉलिशकागदाने फळी घासायची, दिवसभर. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर तांबूस भुसा. घर एका खोलीचं, मध्ये फळ्यांचा आडोसा, दादानेच उभा केलेला, अलीकडे मास्तरांचं अभ्यासाचं टेबल, तेही त्यानेच केलेलं. संध्याकाळी तो यायचा, आडोशापलीकडे तोंड धुवायचा आणि खोकायचा. मास्तर पुस्तकातून मान वर करायचे. आणि खोकून झालं की पलीकडून यायचं, ‘हं’. म्हणजे झालं माझं, चालू दे तुझं. मास्तर मान खाली घालून पुन्हा वाचायला लागायचे. कितीतरी वर्षं असं चाललं. ‘हं’ आलं की प्रश्न विचारायची गरज उरत नसे. दादा अशक्त होत गेला, कारखाना सुटला, मग एक दिवस तोही गेला, आणि मास्तरांना शिष्यवृत्ती मिळाली.

“सिगारेट ओढायचे?” नातीने विचारलं. आवाज बदलला होता.

“नाही. कारखान्यात भुसा, स्पिरिट. काडी पेटवायलाच बंदी. आणि त्याला वासही सहन व्हायचा नाही.”

समोरची इस्त्री संपली, तिथला दिवा गेला.

“म्हणजे आम्ही इतके दिवस मोठ्या आजोबांची नक्कल करत होतो.”

“तुझी नक्कल नव्हती,” मास्तर म्हणाले. “मी केलेलं ‘हं’ जरा वाचून दाखवल्यासारखं आहे. तू केलंस ते जसंच्या तसं होतं. म्हणून थांबलो मी जिन्यात.”

“असं नका ना बोलू,” ती म्हणाली आणि गळ्यावर हात ठेवला, आत काही सापडतंय का बघावं तसा.

मास्तरांनी कोरा कागद घेतला. त्यांना अचानक दिसत होतं की खणातल्या पत्राला तीन उत्तरं होती आणि तिन्ही चुकीची होती. खरं उत्तर इतके दिवस त्यांच्याकडे नव्हतंच. नात खांद्यावरून पाहत उभी राहिली. त्यांना कोणी पाहत असलं की एक अक्षर लिहिता येत नसे; आज येत होतं. ‘तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारलंत ते माझे थोरले भाऊ. ते हयात नाहीत. जाहिरातीत आवाज माझा आहे, मी त्यांचा खोकला काढला. त्यांनी कधीही सिगारेट ओढली नाही. त्यांना लाकडाच्या भुशाने खोकला झाला होता.’

“आजोबा, थांबा.” तिने कागदावर हात ठेवला. “हे नका पाठवू. ती परत सुरू करेल.”

“करेलही.”

“मग? ते ‘सिगारेटने गेले’ असं लिहा ना. दोन शब्द. कोणाला कळणार आहे? ती बिचारी सुटली आहे त्यातून.”

“तू सांगतेस हे?”

“मी काय, माझी गोष्ट वेगळी आहे.”

“मी तुला तसंच सांगितलं असतं तर तू सोडली असतीस?”

“कदाचित!” ती उसळून म्हणाली. “आता काय उपयोग, मला तर खरं सांगून बसलात.”

मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिचा हात अलगद बाजूला केला. “आम्ही सगळ्यांनी मुलांना विचारलं, भीती किती वाटली? एवढी समिती, एवढे कागद. मीही तेच बघत भिंतीशी उभा होतो. ही एकटीच विचारते आहे, तो माणूस कसा आहे? दादाला हे मीसुद्धा कधी विचारलं नाही.” त्यांनी कागद पुन्हा आपल्यासमोर सरळ केला. “जो आपल्या माणसाची चौकशी करतो त्याला थाप कशी मारायची? आणि ती थापेच्या जोरावर थांबली तर ते किती दिवस टिकेल? कोणीतरी मागच्या रांगेतून खोकेलच.”

“म्हणजे तुम्हाला खात्री नाही.”

“अजिबात नाही.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. मास्तरांनी पुढे लिहिलं की सिगारेटने काय होतं ते डॉक्टरांनी लिहिलंय आणि ते खरं आहे, त्यासाठी खोकला खरा असायची गरज नाही. की आपण मात्र हे तिला स्वतःच्या अनुभवाने सांगू शकत नाही. की उशीर झाला याची लाज वाटते. मग एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं: ‘तुमच्या कानाला तो नट वाटला नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.’ हे जरा गोड झालं की काय, या शंकेने त्यांनी पेन उचललं होतं, पण नात म्हणाली, राहू द्या ते.

पाकिटावर पत्ता लिहायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने पाकीट ओढून घेतलं. “तुमचं अक्षर पोस्टमनला लागायचं नाही. एवढं सगळं करून परत आलं तर?” आणि पत्रातला पत्ता बघून तिने ठळक, गोल अक्षरात लिहिला, खाली पिनकोड दोनदा तपासला. तिकीट तिनेच चिकटवलं.

सकाळी दोघं निघाले तेव्हा बायको दारात आली. “आज स्वारी नातीबरोबर कुठे?”

“पोस्टात,” नात म्हणाली. “आजोबांचं एक उत्तर राहिलं होतं.”

“एकच?” आजी म्हणाली आणि आत गेली.

रस्त्यात नात फारसं बोलली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी तिची पावलं सवयीने मंदावली, मग पुन्हा मास्तरांच्या पावलांना येऊन मिळाली. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावायचा मोह टाळला. पोस्टाची पेटी औषधाच्या दुकानाबाहेर होती, तोंडावरचा रंग हात लागून लागून उडालेला. “द्या, मी टाकते,” ती म्हणाली. मास्तर म्हणाले, नको. त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. पेटी बहुधा भरत आली होती. त्यांनी बोटं आत घालून चाचपून पाहिलं. पाकीट बाकीच्या पत्रांवर, हाताला लागेल न लागेल इतकं खाली होतं. त्यांनी बोटं थोडी आणखी लांबवली. ते नुसतंच आणखी खाली सरकलं.